केऑस मॅजिक शिकताना : अंगावर चढवायचं कसं आणि उतरवायचं कसं

पहिल्याच रात्री मी नऊ सिजिलं, म्हणजे एकेका इच्छेची चिन्हं, काढली. एकावरही तारीख घातली नाही, कुठलं कशासाठी तेही कुठे लिहून ठेवलं नाही. दोन महिन्यांनी त्यातली एक गोष्ट घडली तेव्हा हरखून मैत्रिणीला सांगायला गेले. तिनं शांतपणे विचारलं, "बरं, आणि बाकीच्या आठांचं?" आठांपैकी मला तीनच आठवली. त्या तिन्हींचं काहीच झालं नव्हतं.

हा लेख त्या फजितीतून आलाय. सहा वर्षं झाली मी हे करतेय. जादू बाहेरच्या जगात काही हलवते की फक्त आपल्या डोक्यात, याबद्दलचं माझं मत दर वर्षी बदलतं, आणि या प्रकारात ते बदललेलं चालतं. एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. नवा माणूस विश्वास अंगावर चढवायला चटकन शिकतो. उतरवायला त्याला कुणी शिकवत नाही. खाली जवळपास प्रत्येक पायरीत उतरवण्याचा भाग आहे. तो कंटाळवाणा आहे, पण गाळू नका.

आधी थोडी ओळख

केऑस मॅजिकचा जन्म इंग्लंडमधला, १९७० च्या दशकाच्या अखेरचा. पीटर कॅरल आणि रे शेरविन यांनी पाश्चात्त्य गूढविद्येतले झगे, पदव्या आणि गुप्त परंपरांचे दावे बाजूला सारले आणि विचारलं, यातलं नेमकं चालतं काय? १९७८ मध्ये कॅरलचं 'लिबर नल' हे पुस्तक आलं. त्याच सुमारास 'इल्युमिनेट्स ऑफ थॅनाटेरॉस' ही मंडळी उभी राहिली. (पुढे तिच्यातही श्रेण्या आल्याच. माणूस कुठे सुधारतो!) पाया मात्र त्यांनी घेतला तो ऑस्टिन ऑस्मन स्पेअर या लंडनच्या चित्रकाराचा. स्पेअरचा काळ १८८६ ते १९५६. इच्छेची अक्षरं मोडून त्यांचं चिन्ह बनवायची त्याची रीत १९१३ मधल्या पुस्तकात आहे, आणि आज जो तो सिजिल काढतो तो तिच्याच वळणावर.

या पंथाची खूण म्हणजे मध्यातून निघालेले आठ बाण. ती मायकेल मूरकॉक या लेखकाच्या काल्पनिक कथांमधून उचललेली आहे, आणि ते कुणी लपवतही नाही. चिन्ह पुरातन असलंच पाहिजे असा इथे आग्रह नाही, ते तुमच्यावर काम करतं का एवढंच बघायचं. विश्वासाचंही तेच. तो हत्यारासारखा हातात घ्यायचा, काम झालं की खाली ठेवायचा. 'काहीच सत्य नाही, सगळ्याला मुभा आहे' हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल. नवखे त्याचा दुसरा अर्धा भाग पाठ करतात. घाम फोडतो तो पहिला, कारण 'काहीच'मध्ये तुमची आवडती समजूतही आली.

काय काय लागेल

- शिवलेली जाड वही. सुटी पानं नकोत, ती आपल्याला हवी तेव्हा हरवतात
- पेन, कोऱ्या कागदाचे तुकडे, स्टेपलर
- सहा बाजूंचा एक फासा
- टायमर
- दार लावून अर्धा तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा

धूप, मेणबत्त्या, खंजीर, काळं कापड यातलं काहीही लागत नाही. पुढे हौस म्हणून घ्या. 'दीक्षा' किंवा 'पुढची पातळी' विकायला कुणी आलं तर तिथून उठा. या विद्येत विकण्यासारखं गुपित नाहीच.

१. वही सुरू करा

जादू नंतर, वही आधी. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, त्या दिवशीची झोप आणि मूड, काय केलं, किती वेळ केलं, आणि काय वाटलं. 'काय वाटलं' आणि 'काय घडलं' हे वेगवेगळ्या ओळींवर लिहा. माझी एक जुनी नोंद अशी आहे : 'रात्री ९.४०. झोप कमी. बसले ११ मिनिटं. वाटलं : खोलीत कुणीतरी आहे. घडलं : पंख्यामुळे पडदा हलत होता.' दुसरी ओळ लिहायची मी तेव्हा टाळाटाळ करत होते, कारण पहिली जास्त छान होती.

काहीच झालं नाही तर 'काहीच झालं नाही' असं लिहा. अशी पानं सगळ्यात जास्त भरतील आणि पुढे हिशेब करताना तीच कामाला येतील.

२. नुसतं बसायला शिका

कॅरलचा अभ्यासक्रम इथूनच सुरू होतो : शरीर न हलवणं, श्वासाकडे बघणं, विचार थांबवणं. ते जमलं की एका वस्तूवर, मग एका आवाजावर, मग डोळे मिटून एका चित्रावर मन धरणं. वाचायला सोपं वाटतं.

पाच मिनिटांपासून सुरुवात करा. तिसऱ्या मिनिटाला नाकाच्या शेंड्यावर खाज सुटेल, सगळ्यांनाच सुटते. खाजवू नका. तिच्याकडे बघत राहिलात की ती वाढते, असह्य होते, आणि मग कधी गेली ते कळतही नाही. तो क्षण नीट लक्षात ठेवा. अमुक एक गोष्ट करायलाच हवी असं सगळं अंग ओरडत असताना न करता बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला तिथे पहिल्यांदा कळतं. पुढचं सगळं त्याच जोरावर होतं.

ही पायरी टाळून थेट सिजिलवर उडी मारायचा मोह होतो. मी मारली होती, ती नऊ सिजिलं त्यातलीच. निदान तीन आठवडे रोज बसा. एखादा दिवस चुकला तर चुकला म्हणून लिहा, दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नका.

३. उघडणं आणि बंद करणं

कामाच्या आधी आणि नंतर जागा 'साफ' करायची, याला बॅनिशिंग म्हणतात. पाश्चात्त्य परंपरेत यासाठी पंचकोनी ताऱ्याचा एक विधी प्रसिद्ध आहे. तो १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या संस्थेकडून आला. त्यातली हिब्रू नावं तुम्हाला जवळची वाटत असतील तर तोच करा. नसतील तर स्वतःचा बनवा. चार दिशांना तोंड करून प्रत्येक दिशेला एक शब्द उच्चारायचा, मध्यावर येऊन टाळी वाजवायची, एवढंही पुरतं. अट एकच, दर वेळी तेच आणि त्याच क्रमाने. शरीराला ते पाठ झालं पाहिजे.

हसणं हे केऑस मॅजिकमधलं मान्यताप्राप्त बॅनिशिंग आहे, हे ऐकून मला आधी थट्टा वाटली. खोटं खोटं मोठ्यानं हसायला लागायचं आणि खरं हसू येईपर्यंत थांबायचं नाही. करून बघा. भारलेला गंभीरपणा इतक्या लवकर दुसऱ्या कशानंच उतरत नाही.

नंतरचं बंद करणं आधीच्या उघडण्याहून महत्त्वाचं आहे, आणि गाळलं जातं ते नेमकं तेच. विधी संपला की दिवा लावा, हात धुवा, काहीतरी खा, आणि लगेच एखादं रटाळ काम काढा. मी धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावते. जोडी जुळेना म्हणून चिडचिड झाली की समजते, परत आलो.

४. सिजिल काढा

आधी इच्छा ठरवा. इथे बहुतेक जण माती खातात. 'मला सुखी व्हायचंय' याला काही अर्थ नाही, झालात की नाही हे कधी आणि कसं मोजणार? लहान, नेमकी, महिन्या-दोन महिन्यांत खरी-खोटी कळेल अशी गोष्ट घ्या. 'मला हवंय' असं लिहू नका, त्या वाक्यात तुम्ही कायम 'हवंय'मध्येच राहता. 'नाही'सुद्धा टाळा. 'मी अडखळत नाही' या वाक्यात डोक्यात चित्र उभं राहतं ते अडखळण्याचंच.

गोष्ट मुळात शक्यतेतली हवी. कॅरलनं १९९२ च्या 'लिबर केऑस'मध्ये यासाठी चक्क समीकरण मांडलंय. विज्ञान म्हणून ते घेऊ नका, पण त्याचा कल बघण्यासारखा आहे. चार घटक आहेत : ग्नोसिस (मन एकाच गोष्टीवर थांबण्याची अवस्था, पुढच्या पायरीत येते) किती खोल, लक्ष्याशी दुवा किती घट्ट, इच्छेची जाणीव किती कमी, आणि आतला विरोध किती कमी. यांचा गुणाकार होतो, त्यामुळे एक जरी शून्य असला तरी सगळं शून्य. चारही घटक ०.८ इतके भक्कम धरले तरी जी गोष्ट घडायची शक्यता मुळात ५० टक्के होती ती साधारण ५८ वर जाते. आणि १० टक्के असलेली? ती जवळजवळ १० वरच राहते. म्हणजे जादूच्या बाजूच्या माणसाचं स्वतःचं गणितही लॉटरी सोडा असंच सांगतंय.

आता प्रत्यक्ष. पुस्तकांतली उदाहरणं रोमन लिपीतली असतात, आपण देवनागरीत करू. वाक्य घेऊ : 'मला भाषण करताना धीर येतो.'

काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार काढून टाका. जोडाक्षर असेल तर फोडा. उरतात : म, ल, भ, ष, ण, क, र, त, न, ध, र, य, त. दुसऱ्यांदा आलेली अक्षरं खोडा. इथे र आणि त दोनदा आलेत. राहिली अकरा.

अकरा म्हणजे फार वाटतात, पण देवनागरी इथे मदतीला येते. शिरोरेषा पुसली की म आणि भ जवळपास सारखेच दिसतात, एकच ठेवा. म, ष, ण, त, न, ध, य या सगळ्यांना उजवीकडे उभा दंड आहे. सात दंड काढायचे कशाला? एकच लांब दंड ओढा आणि बाकीचे आकार त्याला दोन्ही बाजूंनी टांगा, हवे तर उलटे, हवे तर आडवे. क चा दंड मधोमध असतो, तोही त्याच्यावरच बसवता येतो. र ला दंडच नाही, तो मी खाली आकड्यासारखा लोंबकळत ठेवला.

मग पुन्हा पुन्हा काढा, दर वेळी एखादी रेघ कमी करत. पाचव्या-सहाव्या कागदावर अक्षरं ओळखू येईनाशी होतात. माझं चिन्ह शेवटी वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखं दिसत होतं. बघून 'धीर' आठवला नाही, छत्रीच आठवली, म्हणजे जमलं. सुबकपणाच्या नादी लागू नका. आठ मिनिटांत काढलेलं ओबडधोबड सिजिल आणि दोन दिवस रंगवलेलं सिजिल यांत मला आजवर फरक दिसलेला नाही. रंगवलेलं विसरायला जड जातं, एवढाच काय तो.

दुसऱ्या माणसाचं मन वळवायला सिजिल काढू नका. नीती तर झालीच, पण व्यवहारही बघा. अशा कामात तुम्ही रात्रंदिवस त्या माणसाकडेच बघत बसता, आणि जे उतरवायचं तेच आणखी घट्ट चिकटतं.

५. ग्नोसिस

ज्या क्षणी मनातली बडबड बंद पडते आणि एकच गोष्ट उरते, त्या अवस्थेला इथे ग्नोसिस म्हणतात. तिथे जायच्या दोन वाटा. एक थंड : स्तब्धता, एकटक बघणं, एका आवाजात बुडणं. दुसरी तापलेली : नाच, ढोल, धाप लागेपर्यंत हालचाल, कामोत्तेजना. 'थॅनाटेरॉस' हे नावही ग्रीक मृत्यू आणि कामदेवता, थॅनाटॉस आणि इरॉस, यांना जोडून या दोन वाटांवरूनच आलं.

नवख्यांसाठी थंड वाट बरी, कारण दुसऱ्या पायरीची मेहनत तिथे वसूल होते. सिजिल हाताच्या अंतरावर धरा, नजर सैल सोडा, पापण्या शक्य तितक्या कमी हलवा. थोड्या वेळानं रेघा तरंगतात, मधल्या काही दिसेनाशा होतात, पुन्हा उमटतात. एका क्षणी तुम्ही बघताय हेच विसरायला होतं. झालं. कागद उलटा करा आणि तिसरी पायरी : टाळी, दिवा, मोजे.

तापलेल्या वाटेनं जायचंच असेल तर दमेपर्यंत नाचा, आणि धाप लागून थांबता त्या क्षणी सिजिलकडे बघा.

आता जरा कडक बोलते. नशा, जागरण, उपास, श्वास कोंडणं किंवा जोरजोरात घेणं यातलं काहीही करू नका. जुन्या लिखाणात यांचे उल्लेख भरपूर आहेत. म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. हृदयाचा त्रास, फिट किंवा मनोविकाराचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि चालू औषध यातल्या कशासाठीही बंद करू नका. झोप उडाली, आवाज ऐकू यायला लागले, किंवा प्रत्येक पाटी आणि गाडीचा नंबर आपल्यालाच काही सांगतोय असं दिवसेंदिवस वाटू लागलं, तर सगळं थांबवून डॉक्टरकडे जायचं. प्रगती होतेय म्हणून खूश व्हायचं नाही.

६. विसरा, पण लिहून विसरा

स्पेअरच्या रीतीत सिजिल भारल्यावर, म्हणजे ग्नोसिसमध्ये त्याच्याकडे बघून झाल्यावर, इच्छा विसरायची असते. तिच्यावर डोळा ठेवून बसलात तर ती आतपर्यंत पोचत नाही, अशी समजूत. पण सगळंच विसरलं तर हिशेब कसा ठेवणार? माझी नऊ सिजिलं या पेचातच वाया गेली.

माझी युक्ती अशी. इच्छेचं वाक्य वहीच्या उजव्या पानावर लिहायचं, पान आत दुमडून दोन स्टेपल मारायच्या आणि बाहेर फक्त उघडायची तारीख घालायची. सहसा तीन महिन्यांनंतरची. सिजिलचा कागद भारल्यावर फाडून टाकायचा. जाळायचाच असेल तर धातूच्या भांड्यात, खिडकी उघडून, शेजारी पाणी ठेवून.

विसरणं फारच अवघड जात असेल तर एकदम सहा सिजिलं काढा, आठवडाभर तशीच पडू द्या, मग फासा टाकून रोज एक भारा. तोवर कुठलं कशाचं ते डोक्यातून गेलेलं असतं. त्यातली दोन-तीन अगदी फालतू इच्छांची ठेवा, म्हणजे ओळखायची धडपडही राहत नाही.

७. फाशावर विश्वास बदला

'लिबर नल'मध्ये एक खेळ आहे. फाशाच्या सहा बाजूंना सहा विश्वास नेमून दिलेत : बहुदेववाद, एकेश्वरवाद, नास्तिकता, शून्यवाद, केऑसवाद आणि अंधश्रद्धा. जे पडेल ते ठरलेल्या मुदतीपुरतं मनापासून मानायचं. तुम्ही आठवड्यापासून सुरुवात करा, आणि फासा टाकण्याआधी शेवटचा दिवस आणि तास वहीत लिहा.

मला पहिल्यांदा अंधश्रद्धा पडली. खूप हसले. चौथ्या दिवशी रस्त्यात पडलेलं बटण मी उचलून खिशात टाकलं, का ते मलाच सांगता आलं नसतं. त्यानंतर तोच रस्ता धरला तरच काम होतं असं वाटायला लागलं. रविवारी रात्री मुदत संपली, बॅनिशिंग केलं, बटण कचऱ्यात टाकलं. सोमवारी सकाळी पाय त्याच रस्त्याकडे वळले तेव्हा मात्र पोटात गोळा आला. अंगावर चढायला चार दिवस पुरले होते, उतरायला आणखी नऊ लागले. वहीत तारखा आहेत म्हणून नऊ म्हणते, नाहीतर 'लगेच उतरलं' असंच सांगितलं असतं.

नास्तिकतेचा आठवडा फुकटचा वाटला तर जरा थांबा. त्या आठवड्यात आधीची सगळी पानं नास्तिकाच्या डोळ्यांनी वाचायची. योगायोग कुठला, सोयीनं आठवलेलं कुठलं, आपणच घडवून आणलेलं कुठलं, त्यावर पेन्सिलीनं खुणा करायच्या. माझ्या मते सहांतला हा सगळ्यात उपयोगी आठवडा.

८. सर्व्हिटर, पण घाई नको

ठरावीक कामासाठी कल्पनेतून घडवलेला नोकर म्हणजे सर्व्हिटर. त्याला नाव, रूप, एकच काम, राहायला एखादी वस्तू आणि शेवटची तारीख द्यायची. पहिल्या तीन महिन्यांत याच्या वाटेला जाऊ नका.

मी हरवलेल्या वस्तू सापडाव्यात म्हणून एक केला होता. नाव शोध्या, मुक्काम निळ्या काचेच्या मण्यात. शेवटची तारीख ठरवायची राहून गेली. आठ महिन्यांनी किल्ली सापडली की 'शोध्यानं दिली' आणि हरवली की 'शोध्या रुसला', असं मी घरात मोठ्यानं बोलत होते. किल्ली कुठे ठेवायची हे स्वतः लक्षात ठेवणं कधीच सुटलं होतं. शेवटी मणी हातात घेऊन त्याचं काम संपल्याचं सांगितलं, आभार मानले, नाव वहीत लिहून त्यावर आडवी रेघ मारली आणि मणी फोडला. रडू आलं, काचेच्या मण्यासाठी! म्हणून तारीख आधी ठरवा. मुदत वाढवायची असेल तर जुना संपवून नवा करा.

९. पानं उघडायचा दिवस

तीन महिने झाले की स्टेपल काढा. शक्यतो दुसऱ्या कुणालातरी शेजारी बसवा, जो जादू मानत नाही असा असेल तर उत्तम. माझ्याकडे ती मैत्रीण असते. प्रत्येक पानासमोर चार रकाने आखा : झालं, झालं नाही, अर्धवट झालं, आणि एरवीही झालंच असतं. चौथ्या रकान्याचं भरणं तिच्याकडे आहे, आणि ती दयामाया दाखवत नाही. पहिल्या चौदा पानांत तिनं पाच तिथे टाकली. मी भांडून दोन सोडवून घेतली.

उलट्या छत्रीचं पान उघडलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण तू त्या महिन्यात रोज आरशासमोर सराव करत होतीस." करत होतेच. सिजिलनं सराव करून घेतला की सरावानं काम केलं, यावर अर्धा तास वाद झाला आणि पान 'अर्धवट'मध्ये गेलं.

पाचवा रकाना मला नंतर घालावा लागला. काही पानं उघडल्यावर कळतं की ती गोष्ट झालेली नाही, आणि आता ती नकोच आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून पाच आखा.